हिरवळीच्या आधी एक उन्हाळा

बंद घराचे अंगण मोकळे राहत नाही. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात जुन्या वसाहतींमधून फिरताना असे बंगले दिसतात. मुले परदेशी, आईवडील थकलेले किंवा गेलेले, फाटकाला कुलूप. पहिल्या पावसाळ्यात तिथे केना, टाकळा, आघाडा आणि गाजरगवत येते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुंपणाच्या कडेने घाणेरी आत सरकते. मग सुबाभळीची रोपे डोक्यावर जातात, भिंतीच्या फटीत पिंपळ रुजतो, आणि पाच वर्षांनी कोणी कुलूप उघडले तर व्हरांड्यापासून आंब्यापर्यंत जायला वाट उरलेली नसते.

घरी परतलेल्या माणसाला मग समोर हिरवळ हवी असते, आणि लवकर हवी असते. कंत्राटदारही तयार असतो. दोन दिवसांत जेसीबीने सफाई, तिसऱ्या दिवशी लाल मातीचा ट्रक, चौथ्या दिवशी गवताचे तयार तुकडे. पुढच्या जुलैत त्याच हिरवळीतून लव्हाळ्याची पाती वर येतात, खोलगट जागी पाणी साचते, कुठे गवत पिवळे पडते. दख्खनच्या पठारावर नवी हिरवळ करायची असेल तर जमिनीला आधी एक पूर्ण उन्हाळा द्यावा, असे माझे ठाम मत आहे. एप्रिल-मेचे ऊन जे काम करते ते कुठल्याही औषधाला इतक्या स्वस्तात जमत नाही. शेतकरी पावसाळ्याआधी रान नांगरून तापू देतो ते उगीच नाही. बागेच्या बाबतीत आपण नेमके तेच विसरतो.

काम सुरू करावे जानेवारी-फेब्रुवारीत. थंडी असते, गवत वाळलेले असते, आणि हाताशी चार-पाच महिने असतात.

कोयता हातात घेण्याआधी बाग नुसती बघावी. माजलेल्या झाडोऱ्यात ठेवण्यासारखे बरेच काही असते. कडुनिंबावर चढलेली गुळवेल, कोपऱ्यातला अडुळसा, शतावरी, आजीने लावलेला सोनचाफा. काही गोष्टी तर या दिवसांत दिसतच नाहीत. हळद, भुईचाफा यांचे कंद जमिनीखाली झोपलेले असतात आणि पहिल्या पावसानंतरच त्यांना पाने फुटतात. घरातल्या जुन्या माणसांना विचारून त्या जागी काठ्या रोवाव्यात. ज्या झाडाबद्दल खात्री नाही त्याला कापडाची चिंधी बांधावी आणि निर्णय पुढे ढकलावा.

मोठी झाडे तोडण्याचा विचार असेल तर एक गोष्ट माहीत हवी. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ हा कायदा आपल्या स्वतःच्या आवारातल्या झाडांनाही लागू आहे. महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. जमिनीखाली काय आहे तेही आत्ताच शोधावे. जुनी पाण्याची नळी, मैल्याची टाकी, विजेची केबल पहारीच्या घावात सापडली तर सगळेच काम थांबते.

आणि साप. पठारावरच्या अशा झाडोऱ्यात घोणस असण्याची शक्यता धरूनच चालावे. वाळलेल्या पाचोळ्यात ती पायाशी असली तरी दिसत नाही. गमबूट, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा हे सगळे नीट घालावे. आधी लांब काठीने झाडोरा हलवावा, कडेपासून आत असे कापत जावे, विटांच्या आणि फरशांच्या ढिगाऱ्यात हात घालू नये. साप दिसला तर काम थांबवून सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवावे. घाणेरीच्या जाळीत गांधील माशांचे पोळे असते, त्यासाठीही आधी दुरून नजर टाकावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर शेंगा आलेली खाजकुयली ओळखता यायला हवी. तिची लव अंगावर पडली की माणूस तासन्‌तास तळमळतो.

आता कापणी. वरचे गवत विळ्याने किंवा ब्रश कटरने काढता येते आणि त्यात विशेष काही नाही. गोम आहे ती झुडपांच्या बुडख्यात. घाणेरी जमिनीलगत छाटली की दुप्पट जोमाने फुटते, कारण तिचे फुटवे खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या मानेपासून येतात. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांनी घाणेरीसाठी एक साधी रीत सुचवली. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचे आणि सगळे झुडूप उचलून उलटे, मुळे आकाशाकडे करून ठेवायचे. मान मुळापासून तुटली आणि मातीला टेकली नाही, की झुडूप वाळून जाते. पूर्ण मूळ उकरण्याच्या मानाने यात कष्ट फार कमी. सुबाभळीचे बुंधे मात्र खणूनच काढावे लागतात, आणि तिच्या कडक बियांतून पुढची काही वर्षे रोपे येत राहतील हे गृहीत धरावे. ती बोटभर असतानाच उपटली की त्रास उरत नाही.

गाजरगवताबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याचे पुण्याशी जुने नाते आहे. मूळचे मध्य अमेरिकेच्या बाजूचे हे तण भारतात मोठ्या प्रमाणावर पसरू लागल्याची नोंद १९५६ साली पुण्यातून झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. एका जोमदार झाडाला हजारो बिया धरतात आणि त्या वारा, पाणी, गाडीची चाके, कशाबरोबरही जातात. काहींच्या अंगाला त्याने इसब होतो, काहींना दम लागतो. त्यामुळे ते उपटताना नाकातोंडाला फडके आणि हातमोजे हवेत. फुलोऱ्याआधी उपटलेले गाजरगवत खतखड्ड्यात चालते, फुललेले चालत नाही. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पिवळट पांढऱ्या पाठीवर गडद वेड्यावाकड्या रेघा असलेला छोटा भुंगा दिसला तर त्याला राहू द्यावे. तो मेक्सिकोतून मुद्दाम आणलेला, १९८४ साली बंगळूरला सोडलेला गाजरगवताचा शत्रू आहे. एकट्याने तो पुरा पडत नाही, पण त्याचे काम तो इमानाने करतो.

वरचे सगळे निघाले की अंगण एकदम मोठे दिसू लागते आणि काम संपले असे वाटते. खरे काम इथून सुरू होते, कारण हिरवळीचे दोन मोठे वैरी अजून जमिनीत शाबूत असतात: लव्हाळा आणि हरळी.

लव्हाळा, म्हणजे ज्याच्या गाठींना वैद्य नागरमोथा म्हणतात त्याच कुळातले तण, जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांच्या यादीत तणशास्त्रज्ञांनी अगदी वर ठेवले आहे. वरची पाती उपटली की हातात फक्त पातीच येतात. खाली गाठींची माळ असते. एकेका दोऱ्यावर चार-पाच गाठी, बहुतेक वरच्या वीतभर मातीत, काही त्याहून खोल. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि बाकीच्या निद्रिस्त राहतात. माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र होते आणि फुटते. म्हणूनच ओल्या जमिनीत पॉवर टिलर किंवा रोटाव्हेटर फिरवणे हा सगळ्यांत वाईट उपाय. माती दिसते छान भुसभुशीत, पण एका गाठीच्या जागी दहा जागा तयार झालेल्या असतात. हरळीचेही तेच. तिच्या जमिनीखालच्या कांडीचा दोन बोटांचा तुकडा, त्यावर एक डोळा, एवढे तिला पुरते.

या दोघांची एक दुखरी जागा आहे. गाठीतले आणि कांडीतले पाणी गेले की ती मरतात. मार्चमध्ये, जमीन कोरडी पडत असताना, कुदळीने नाहीतर टिकावाने एक फूटभर खोल खणावे आणि मातीची मोठी ढेकळे तशीच उलटी टाकून द्यावीत. फोडू नयेत. ढेकळाच्या पोटातली मुळे, माळा, कांड्या चहूबाजूंनी तापतात. जे हाताला लागेल ते वेचून पोत्यात भरावे आणि खतखड्ड्यात न टाकता पक्क्या फरशीवर वाळवावे. मग ही ढेकळे एप्रिल-मे उन्हात पडू द्यावीत, मध्ये एकदा खालीवर करावीत. या काळात पाणी अजिबात घालायचे नाही. वळवाची सर आली तर जगलेल्या गाठी तीनेक आठवड्यांत हिरवी टोके दाखवतात. तेव्हा तेवढ्याच जागा पुन्हा खोल खणून काढाव्यात. उन्हाळा संपेपर्यंत लव्हाळा पूर्ण जाईल असे मी म्हणत नाही. पण उरलेला हाताने आवरता येण्याइतका होतो.

ज्यांच्या जमिनीत मुख्य अडचण बियांची आहे, म्हणजे गाजरगवत, केना, माठ, दुधी, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. इस्रायलमधले शास्त्रज्ञ याकोव काटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये तो मांडला. जमीन सपाट करून, भरपूर पाणी देऊन, तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून घालायचे, कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवायचे. ओल्या मातीत उष्णता खोल जाते आणि वरच्या थरातल्या बिया, मूळकुजीच्या बुरश्या मरतात. कागद काळा घेऊ नये, पारदर्शकच हवा, कारण ऊन आत शिरून माती तापली पाहिजे. आपल्या पठारी भागातले एप्रिल-मेचे निरभ्र ऊन यासाठी फारच अनुकूल. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र याने हटत नाहीत, म्हणून दोन्ही तणे असतील तर आधी खणणी आणि मग मेमध्ये प्लास्टिक, असा क्रम धरावा.

तणनाशकाचे काय, हा प्रश्न येतोच. ग्लायफोसेट वाढत्या हिरव्या पानांतून मुळापर्यंत जाते हे खरे. उन्हाळ्यात सुकलेल्या तणावर ते वाया जाते. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून त्याचा वापर कीटकनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. जिथे मुले अनवाणी खेळणार आहेत तिथे, हातात एक उन्हाळा असताना, मला त्याची गरज वाटत नाही.

माती तापत असताना तिची ओळख करून घ्यावी. काचेच्या उंच बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून जोरात हलवावे आणि ठेवून द्यावे. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा दोनेक तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. थरांची जाडी पट्टीने मोजली की जमिनीचा स्वभाव कळतो. निचरा बघायला फूटभर खड्डा खणून तो दोनदा पाण्याने भरावा. दुसऱ्यांदा तासाभरात इंचभरही पाणी उतरले नाही तर निचऱ्याची सोय केल्याशिवाय पुढे जाऊ नये. कृषी महाविद्यालयांच्या आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रयोगशाळांत माती तपासून मिळते. त्यासाठी चार-पाच ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्यावी, एकत्र मिसळावी, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकावेत. असे करत अर्धा किलो उरली की तो नमुना.

पठारावर बहुतेकदा अहवालात सामू साडेसात ते साडेआठच्या मध्ये येतो. बेसॉल्टपासून झालेली आपली काळी माती अन्नद्रव्यांना कंजूष नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसून भेगाळते. फूटपाथ, भिंती यांच्याबरोबर गवताची मुळेही या हालचालीत तुटतात. घर बांधताना गाडलेले सिमेंट, चुना, विटांचे तुकडे असतील तर सामू आणखी वर जातो आणि गवताला लोह मिळेनासे होते. ते पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असा राडारोडा चाळून बाहेर काढण्याला पर्याय नाही. पुढे पिवळेपणा दिसलाच तर लिटरला पाच ग्रॅम हिराकस आणि थोडे लिंबूसत्त्व घालून फवारावे.

काळ्या मातीत वाळू मिसळायचा सल्ला सर्रास दिला जातो. थोड्या वाळूने ही माती सुधारत नाही, उलट सुकल्यावर विटेसारखी घट्ट होते. तिला सैल करते ते कुजलेले सेंद्रिय खत. कण एकमेकांना चिकटून त्यांचे रवे होतात आणि रव्यांमधून हवा-पाणी खेळते. जिप्समही असेच आंधळेपणाने टाकतात. अहवालात सोडियम जास्त दिसला तरच त्याचा उपयोग.

हिशेब असा. माती आणि खत आपल्याकडे ब्रासने मिळते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. १००० चौरस फुटांवर दोन इंच खताचा थर द्यायचा तर सुमारे १६७ घनफूट, म्हणजे पावणेदोन ब्रासला थोडे कमी लागेल. हे खत वरच्या सहा इंचांत मिसळायचे. शेणखत पूर्ण कुजलेले, काळे, वास नसलेले असावे. कच्च्या शेणखतातून तणांचे बी तर येतेच, पण हुमणीही येते. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली ही पांढरी अळी गवताची मुळे खाते आणि मग हिरवळ हाताने सोलून निघते. तिचे भुंगेरे पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते खाली पाडून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले तर अंडी घालण्याआधीच बंदोबस्त होतो. अंगणात ही झाडे असतील तर हा आठवडा चुकवू नये.

बाहेरून लाल माती आणावीच लागली तर ती ‘कुठली’ हे विचारावे. शेताच्या बांधावरची माती लव्हाळ्यासकट येते आणि दोन महिन्यांचे ऊन फुकट जाते. आणलेली माती काळ्या मातीवर नुसती पसरू नये. दोन वेगळ्या मातींच्या सांध्यावर पाणी अडते आणि मुळे तिथेच थांबतात. पहिला दोन इंचांचा थर खालच्या मातीत मिसळून घ्यावा, मग उरलेला वर द्यावा. आंब्याच्या किंवा चिंचेच्या खोडाभोवती मातीची भर घालू नये आणि त्यांच्या छायेखाली खोल खणूही नये. तिथली बारीक मुळे वरवरच असतात.

कोकणात आणि गोव्यात या सगळ्याचा क्रम बदलतो. जांभ्याची माती आम्ल, उथळ आणि पाणी न धरणारी. तिला चुन्याची आणि खूप जास्त सेंद्रिय खताची गरज असते. तिथल्या जून-जुलैच्या धारा नुकती घातलेली माती वाहून नेतात, म्हणून गवत लावायला पाऊस ओसरल्यावरचा सप्टेंबर बरा.

पठारावर जूनच्या पहिल्या पावसाने ढेकळे आपोआप विरघळतात. त्यानंतर वाफशाची वाट पाहावी. मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून टाकला तर तो फुटला पाहिजे. चिखलासारखा चपटा झाला तर थांबावे. काळ्या मातीत ओली असताना पाय ठेवला तरी ती आवळते. वाफशावर माती खत मिसळून दाताळ्याने सारखी करावी. उतार घरापासून बाहेर हवा, दहा फुटांना दीड-दोन इंच पुरे. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी यासाठी उत्तम. डोळ्याला सपाट वाटणारी जमीन नळी लावली की खरी कळते. मग पावसाने किंवा पाणी देऊन माती बसू द्यावी, जिथे खळगा पडेल तिथे भर घालावी, पायाने हलके तुडवावे, पुन्हा दाताळे.

इथे आणखी पंधरा दिवस थांबता आले तर फार मोठा फायदा होतो. तयार वाफ्यात जे तण उगवते ते दोन पानांवर असतानाच खुरप्याने वरच्यावर खरवडून टाकावे, माती खोल न हलवता. दुसऱ्यांदा उगवेल ते पहिल्याच्या निम्म्यानेही नसते.

मग गवत. आश्चर्य वाटेल, पण जिला दोन महिने उन्हात तापवली ती हरळी, आपली दूर्वा, हीच पठारावरची सगळ्यांत टिकाऊ हिरवळ आहे. फरक एवढाच की रानटी हरळी उंच, विरळ आणि पसरट असते, आणि रोपवाटिकांमधली ‘सिलेक्शन नंबर वन’ किंवा ‘बर्म्युडा’ आखूड, दाट आणि एकसारखी. दोन्ही एकत्र वाढल्या तर डाग दिसतात, म्हणून जुनी काढणे भाग होते. दूर्वेला दिवसाचे सहा तास तरी ऊन हवे. ‘मेक्सिकन’ किंवा ‘कोरियन’ म्हणून मिळणारे झोयसिया जातीचे गवत हळू वाढते, मऊ गादी करते, कापणी कमी लागते. आंब्याखालच्या गडद सावलीत कोणतेच गवत नीट होत नाही. तिथे पालापाचोळा किंवा सावलीतली झाडे शोभतात.

उरुळी कांचनच्या पट्ट्यातल्या रोपवाटिकांमधून तयार तुकडे पुण्यात येतात. घेण्याआधी एक तुकडा उलटा करून बघावा. माती चिकट असेल, किंवा काळ्या गाठी दिसल्या, तर घेऊ नये. कमी खर्चात आणि माझ्या मते अधिक चांगली पद्धत म्हणजे टोचणी. दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या चार-चार बोटांवर तिरप्या खोचायच्या, टोक वर ठेवायचे. जुलैच्या रिमझिमीत त्या पंधरवड्यात हिरव्या होतात आणि दसऱ्यापर्यंत जमीन झाकतात. मधल्या काळात दर आठवड्याला खुरपणी करावीच लागते.

किती मोठी करायची, हे पाण्यावर ठरवावे. उन्हाळ्यात पठारावर हिरवळीला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर १००० चौरस फुटांना रोज ४६५ लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने मैदानांवरच्या पाण्याच्या प्रश्नावरून आयपीएलचे पुढचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. हे लक्षात ठेवूनच मी सगळ्यांना सांगते की पायाखाली खरोखर येईल तेवढीच हिरवळ करा, २०० चौरस फूटसुद्धा घरासाठी पुष्कळ आहे, आणि उरलेल्या जागेत कडीपत्ता, जास्वंद, तगर लावा. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांआड भरपूर द्यावे म्हणजे मुळे खाली जातात. एप्रिलमध्ये दूर्वा थोडी तपकिरी पडली तरी घाबरू नये, पहिल्या पावसाने ती परत येते.

पहिली कापणी गवत दोन-अडीच इंच झाले की करावी, यंत्राची पाती धारदार लावून, आणि उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. त्याआधी गवताची एक पात हाताने ओढून बघावी. मुळासकट हातात आली तर आणखी आठवडाभर यंत्र बाहेर काढू नये.